नाकासमोरचं सुख

तुम्ही तुमच्या आईला शेवटचं ‘थँक यू’ कधी म्हणालात? आठवत बसू नका. नसालच म्हणालात. उद्या ट्राय करून बघा. सकाळी ती डबा हातात देत असताना समोर उभं राहायचं आणि स्वच्छ आवाजात म्हणायचं, ‘आई, मी तुझी अत्यंत आभारी आहे.’ ती आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. मग विचारेल, ‘किती हवेत?’

मराठीत या थँक यूचा सॉलिड लोचा आहे. ‘आभारी आहे’ म्हटलं की सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र संपल्यासारखं वाटतं. ‘धन्यवाद’ म्हटलं की कार्यक्रम संपला, आता लोक चपला शोधायला लागणार. ‘ऋणी’ वगैरे तर फक्त पुस्तकाच्या प्रस्तावनेत. उरला तो सुटसुटीत ‘थँक्स’. तो लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्या अनोळखी माणसाला जातो, वेटरला जातो, ईमेलच्या तळाला जातो. घरात तो चालत नाही. माझी मावशी तर भडकतेच. ‘आभार कसले मानतेस? परकी आहेस का?’

मग काय, आपण कृतघ्न? छे हो. आपलं थँक यू हातात असतं, एवढंच. नीट बघा. भाजीवाली सकाळची पहिली नोट आधी कपाळाला लावते, मग तराजूला टेकवते, आणि मगच कनवटीला खोचते. बोहनी! रिक्षावाला दिवसाची पहिली फेरी सुरू करताना हँडलला हात लावून तो छातीशी नेतो. पुस्तकाला चुकून पाय लागला तर एमबीए झालेली, बोर्डरूममध्ये फाडफाड प्रेझेंटेशन देणारी मुलगीसुद्धा पटकन वाकते. माझे आजोबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला काढून ठेवायचे. पोळ्याला शेतकरी बैलाला न्हाऊ घालतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी भरवतो आणि त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाही. वर्षभर राबलास, आज तुझा दिवस. भाषण नाही, पुष्पगुच्छ नाही.

खंडेनवमीचं तर मला भारी कौतुक आहे. पूर्वी शस्त्रं पुजायचे, मग अवजारं, मग छापखान्यातली मशिनं, आणि आता आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या रॅकला झेंडूचा हार असतो. टीममध्ये दोन कट्टर नास्तिक आहेत. पण तो हार काढायची त्यांचीही टाप नाही. सर्व्हर बसला तर कोण जबाबदार? आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कधी लोकलने गेला असाल तर बघितलं असेल. ज्या डब्यात वर्षभर चौथ्या सीटवरून भांडणं होतात, त्याच डब्याला त्या दिवशी तोरणं, पताका, देवाचा फोटो, आणि ग्रुपमधल्या कुणीतरी आणलेले पेढे. दारात लटकणाऱ्या नवख्यालासुद्धा पेढा मिळतो. गाडीची पूजा! जी गाडी उशिरा येते, जिच्यात रोज घुसमटायला होतं, तिची. कारण ती रोज घरी आणून सोडते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली कृतज्ञतेला जाम भाव आलाय. डायऱ्या निघाल्यात, अॅप्स निघालीत, कॉफीच्या मगवर सुविचार निघालेत. रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिहा. आमच्या ऑफिसात एकदा यावर वर्कशॉप झालं होतं. शनिवारी. सुट्टीच्या दिवशी! तिथे एक बाई हसून म्हणाल्या, ‘तक्रारी करण्यापेक्षा जे आहे त्याबद्दल थँकफुल राहा.’ आणि त्याच महिन्यात आमची अप्रेझल्स पुढे ढकलली गेली. इथे माझा पहिला आक्षेप. कृतज्ञता म्हणजे तोंड बंद ठेवणं असा फंडा कुणी पकवत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. शहर पाण्यात बुडालं की दुसऱ्या दिवशी ‘मुंबई स्पिरिट’च्या हेडलाइन्स येतात ना, तसलाच हा प्रकार. लोकलची पूजा करणारा माणूस लोकल उशिरा आली म्हणून स्टेशनमास्तरच्या केबिनवर मोर्चाही नेतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. मलाही नाही वाटत.

मात्र या डायरीच्या खटाटोपात तथ्य नाही असं नाही. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. मुलांचे तीन गट पाडले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने ज्याबद्दल बरं वाटलं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. पहिला गट शेवटी आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला, आणि चक्क व्यायामही जास्त करत होता. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? माझ्या आजीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. बरोबर. पण आजीकडे आकडे नव्हते.

त्याहून मला आवडतो तो १९७८ चा एक जुना अभ्यास. फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याची लॉटरी जिंकलेल्या २२ जणांना गाठलं. प्रश्न साधे होते. नाश्ता करताना किती मजा येते? मित्राशी गप्पा मारताना? मासिक वाचताना? (हो, मासिक वाचताना हासुद्धा प्रश्न होता. संपादकांनी नोंद घ्यावी.) लॉटरीवाल्यांना या गोष्टींत त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा कमी मजा येत होती. म्हणजे बंपर लागला आणि ऑम्लेट बेचव झालं! मोठं सुख आलं की ते छोट्या सुखांची चव घेऊन जातं, असं काहीसं. पहिला पगार, पहिली गाडी, पहिला वन बीएचके.. आपल्यापैकी प्रत्येकाला हे थोडंफार माहीत आहे.

माझ्या ऑम्लेटची चव मात्र लॉटरी न लागताच गेली.

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. त्या महिन्यात लोक ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्र रात्र फोन लावत होते, तेव्हा मला जे झालं ते काहीच नव्हतं. चार दिवस ताप, अंगदुखी, बस. घरातल्या घरात बेडरूममध्ये मी कोंडलेली आणि आई दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवून जायची. पाचव्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवला. आमच्याकडे चहा म्हणजे आलं आणि गवती चहा ठेचून. मी घोट घेतला आणि ओरडले, ‘आई, चहात काही घातलंच नाहीस का?’ ती दाराआडून म्हणाली, ‘रोजचंच घातलंय गं.’

मग मी बाम नाकाशी धरला. गार लागलं, वास नाही. परफ्युम मारलं. ओलं लागलं, वास नाही. हापूसची पेटी आली होती, त्यातला एक आंबा नाकाशी धरून मी एक मिनिट उभी होते. देठापाशी, जिथे वास सगळ्यात दाट असतो तिथे. काही नाही. नुसता एक गुळगुळीत केशरी गोळा. कापून खाल्ला. गोड. फक्त गोड. साखरेचा साखरभात असतो ना, त्याहूनही साधा गोड.

तेव्हा मला कळलं की आपण ज्याला चव म्हणतो ती बहुतेक वास असते. जिभेला कळतं ते मोजकंच. गोड, आंबट, खारट, कडू, आणि एक ते मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोच्या सारात असतं ते उमामी. तिखट ही तर चवच नाही, ती वेदना आहे. म्हणून मला ठेचा झोंबत होता पण त्यातला लसूण कळत नव्हता. बाकी सगळं, म्हणजे हापूस आणि पायरीतला फरक, कोथिंबीर आणि पुदिन्यातला फरक, वरणावरच्या तुपाचं तूपपण, हे घास चावताना घशाच्या मागून नाकात चढतं. ती वाटच बंद झाली होती. चहा म्हणजे गरम गोड पाणी. पोहे म्हणजे ओलसर थर्मोकोल. त्यावर लिंबू पिळलं की ओलसर आंबट थर्मोकोल.

दोन आठवड्यांनी ताप-बिप सगळं गेलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, वास काही आला नाही. मे संपत आला. बाहेर माणसं जात होती आणि मला वास येत नव्हता, हे कुणाला सांगायचं? लाज वाटायची. पण खरं सांगू? मी खचत चालले होते. वास गेला की नुसती भूक जात नाही, घर जातं. आईच्या साडीला एक वास असतो. पावसाळ्यात कपाटाला एक असतो. मी आईच्या उशीवर डोकं ठेवलं आणि ती कुणाचीही उशी होती. काचेच्या पलीकडून आपल्याच घरात बघावं तसं. गॅस चालू राहिला तर कळणार नाही, दूध नासलं तर कळणार नाही. दोनदा मी नासलेल्या दुधाचा चहा प्यायले. चेहरा न हलवता.

शेवटी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, ‘वासाचा व्यायाम करा.’ मला वाटलं मस्करी करतायत. पण ही खरीखुरी ट्रीटमेंट आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि त्याच्या टीमने २००९ मध्ये ती मांडली. चार वास घ्यायचे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ, एकेक वास दहा-पंधरा सेकंद, शांतपणे हुंगायचा. आणि हुंगताना तो वास कसा होता हे मनात आठवायचं. असं किमान बारा आठवडे. नाकात वास ओळखणाऱ्या पेशी आपलं शरीर नव्याने बनवत राहतं म्हणे, आणि करोना मुख्यतः त्यांच्या आजूबाजूच्या, त्यांना सांभाळणाऱ्या पेशींवर घाव घालतो. म्हणजे आशेला जागा आहे. ‘नक्की येईल ना परत?’ मी विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, ‘बहुतेकांना येतो. काहींना वेळ लागतो. करत राहायचं.’

आईने कुठून तरी चार छोट्या काचेच्या बाटल्या काढल्या. एकीत गुलाबाचं अत्तर टाकलेला कापूस, एकीत लिंबाची साल, ती रोज ताजी. एकीत निलगिरीचं तेल, आणि चौथीत अख्ख्या लवंगा. ठेवायच्या कुठे? आईने त्या देवघराशेजारच्या फळीवर मांडल्या, उदबत्तीच्या घराजवळ. ‘तिथे कशाला?’ मी म्हटलं. ‘रोज दोन वेळा करायचंय ना? मग तिथेच बरं. मी दिवा लावते तेव्हा तू तुझं कर.’

मी देवभोळी नाही. देवघरासमोर मी परीक्षेच्या आधी आणि इंटरव्ह्यूच्या आधी उभी राहते, तीही आईचा मान म्हणून. पण जून महिन्यात रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सात वाजता मी तिथे उभी असायचे. आई निरांजनात वात घालायची, मी बाटलीचं बूच काढायचे. तिचे ओठ हलायचे, माझं नाक. समोरून काहीही यायचं नाही. गुलाब नाही, लिंबू नाही. एका रिकाम्या बाटलीला हुंगत, ‘गुलाब असा असतो, गुलाब असा असतो’ म्हणत राहायचं. चौथ्या आठवड्यात मी वैतागले. ‘येडेपणा आहे हा. काही येत नाहीये. मूर्खासारखी मी रोज काचा हुंगतेय.’ आई वात सरळ करत म्हणाली, ‘मला पण तिकडून रोज काही ऐकू येत नाही.’

बॉस, श्रद्धेवरची एवढी छोटी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

९ जूनला मुंबईत मान्सून आला. तुम्हाला आठवत असेल, पहिल्याच दिवशी धो-धो. सगळ्या ग्रुपवर मातीच्या वासाचे मेसेज. पहिल्या पावसाच्या त्या वासाला इंग्रजीत शब्द मिळायला १९६४ उजाडावं लागलं. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याचं ‘पेट्रिकोर’ असं बारसं केलं. आपल्याकडे मृद्गंध कधीपासूनचा आहे, आणि कनौजचे अत्तरवाले तर तो भाजलेल्या मातीतून काढून बाटलीत भरतात. मी खिडकीत उभी होते. थंड वारा, तोंडावर तुषार, खाली झाडं निथळतायत. सगळं होतं. आवाजासकट. आणि ते एक नव्हतं. मी खिडकी लावून घेतली आणि लॅपटॉप उघडला.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. जे वास येत नव्हते त्यांची मला यादी लागली. डायरी न घेता! पार्ल्याची आठवण सगळ्यात जास्त यायची. आम्ही गोरेगावचे, माझं कॉलेज पार्ल्यात. ज्यांनी वेस्टर्न लाइनवर दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, गाडी पार्ल्यात शिरली की भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा गरम गोड वास डब्यात घुसायचा. पार्ले कंपनीचा तो कारखाना १९२९ पासूनचा. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन बंद झालं. झोपलेल्या लोकांना त्या वासाने जाग यायची आणि ते उतरायच्या तयारीला लागायचे. किती वर्षं मी तो फुकट हुंगला, आणि तो कधी बंद झाला हे मला पेपरात वाचून कळलं. आता माझं नाक शाबूत असतं तरी तो आला नसता. हे आठवून मला एका दुपारी रडू आलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये. कॅमेरा ऑफ होता म्हणून वाचले.

त्या वर्षी, आणि त्याच्या आदल्या वर्षीही, आषाढीची पायी वारी झाली नाही. पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. आई टीव्हीसमोर बसून बघत होती. मी म्हटलं, ‘लोकांना किती वाईट वाटत असेल नाही?’ तर म्हणाली, ‘सावता माळी कुठे जायचा वारीला?’ मला फक्त नाव माहीत होतं. मग तिने सांगितलं. सोलापूर जिल्ह्यात माढ्याजवळ अरण नावाचं गाव आहे, तिथला हा तेराव्या शतकातला माळी. मळ्यात काम असायचं, तो पंढरपूरला जायचाच नाही. वाफ्यातला कांदा, मुळा, भाजी हाच त्याचा विठोबा. म्हणून आजही सगळ्या संतांच्या पालख्या विठ्ठलाकडे जातात आणि विठ्ठलाची पालखी त्याच्या भेटीला अरणला जाते. देव भक्ताकडे! आणि जनाबाई तर घरकाम करणारी. दळण, कांडण, गोवऱ्या. तिच्याबरोबर तो जात्याला बसायचा. आपल्याकडचे हे सगळे लोक बघा. कुणी कुंभार, कुणी शिंपी, कुणी न्हावी. कुणीही काम सोडून हिमालयात वगैरे गेलं नाही. भाजी खुडताना, दळताना, हजामत करताना जे हाताखाली होतं त्यातच त्यांना तो दिसला. वीकएण्डला रिट्रीटला जाऊन सुख शोधणाऱ्या आमच्या पिढीने एकदा अरणची एसटी पकडायला हरकत नाही. (रिट्रीटपेक्षा स्वस्तही पडेल.)

जुलै गेला. आठ आठवडे झाले.

आता थोडं आमच्या बिल्डिंगबद्दल. दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात, मूळच्या रेवदंड्याच्या. आमचा चौथा मजला. पावसाळ्यात जून-जुलै मासेमारी बंद असते, ताजे मासे महाग, तेव्हा कोकणातल्या माणसाच्या डब्यात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकी मासळी असते. सोडे, जवळा, आणि बोंबील. सुके बोंबील तव्यावर भाजले की त्यांचा जो वास सुटतो त्याला मजला, भिंत, सोसायटीचे उपनियम, काही म्हणजे काही अडवू शकत नाही. यावरून आमच्याकडे वर्षानुवर्षं धुसफूस. नोटीस बोर्डवर एक कागद कायमचा लावलेला. ‘सभासदांनी उग्र वासाचे पदार्थ शिजवताना खिडक्या बंद ठेवाव्यात व इतरांच्या भावनांचा आदर करावा.’ नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती. काकू जिन्यात कुणी दिसलं की मान खाली घालून जायच्या, हे मला कधीच आवडलं नाही.

गटारीच्या आधीचा रविवार. म्हणजे श्रावणाआधी पोटभर मासे-मटण खाऊन घ्यायचा हंगाम. दुपारी बारा-साडेबाराचा सुमार. मी आडवी पडून मोबाइल बघत होते. आणि एकदम..

आधी मला कळेचना की हे काय होतंय. नाकाच्या मुळाशी काहीतरी खरखरीत, जळकं, खारट. मी उठून बसले. पुन्हा श्वास घेतला. होतं! जोरात घेतला. गेलं. हळू घेतला. आलं! ‘आई!’ मी किंचाळले. आई पोळी लाटता लाटता पिठाच्या हाताने धावत आली. ‘बोंबील!’ मी म्हटलं. आमच्याकडे मासे कधीच शिजत नाहीत. आईने नाक उडवलं, वास घेतला, आणि तिचे डोळे भरले. ‘हो गं,’ ती म्हणाली, ‘बोंबीलच.’

मी तशीच खाली गेले. काकूंची बेल वाजवली. दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, ‘लावते गं बाय खिडकी, आत्ता लावते. पंखा बिघडलाय काल...’

‘काकू, नको!’

‘आँ?’

‘खिडकी उघडी ठेवा. मला वास आला.’

‘त्येच म्हणते ना मी, लावते..’

‘अहो काकू, मला तीन महिने कसलाच वास येत नव्हता. आज आला. तुमच्या बोंबलाचा. पहिला.’

त्या बघत राहिल्या. हातात चिमटा तसाच. मग त्यांनी मला आत ओढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि तव्यावरचा एक तुकडा माझ्या नाकाशी धरला. एवढ्या जवळून तो वास म्हणजे कानाखाली वाजवल्यासारखा. मी शिंकले. त्या हसायला लागल्या, मग मीही. ‘खाणार?’ त्यांनी विचारलं. मी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. मी तो तुकडा खाल्ला. कांदा, कोकम आणि तिखट घालून चटणी होणार होती त्याची, पण मी तो नुसताच खाल्ला, उभ्यानेच. थँक यू म्हणावं असं फार वाटत होतं, पण त्या माणसाला मराठीत काय म्हणायचं? मी वाकून नमस्कार केला. ‘अगं अगं, मासळीचे हात हायत,’ म्हणत त्यांनी मनगटाने माझ्या डोक्याला आशीर्वाद दिला.

ही काही सिनेमातली गोष्ट नव्हे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळं परत आलं वगैरे झालं नाही. पुढे कित्येक महिने वास तुकड्या-तुकड्यांनी आले, आणि त्यातले काही चुकीचे. याला पॅरोस्मिया म्हणतात. कॉफीला जळक्या रबराचा वास यायचा, कांदा परतला की केमिकलचा. आईने वर्षभर माझ्यासाठी कांदा न घालता आमटी केली. लवंग गणपतीत आली. निलगिरी दिवाळीच्या आसपास. गुलाब सगळ्यात शेवटी, तोही अर्धा. पुढच्या वर्षी हापूसची पेटी उघडली तेव्हा मी देठापाशी नाक नेऊन बराच वेळ नुसती बसले. आईने हटकलं नाही. कॉफी मात्र अजूनही पूर्वीची नाही. तिच्या तळाशी थोडं रबर उरलंच आहे. असू दे. चहा आहे ना.

काकूंकडे मी अजूनही जाते. मासे खायला लागले का? नाही हो, त्या एका तुकड्यावरच थांबलेय. पण आषाढात त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. नोटीस बोर्डवरचा तो कागद कुणी काढला नाही. फक्त त्यावर आधी दहीहंडीचा, मग वर्गणीचा, मग पाण्याची टाकी धुण्याचा असे कागद चढत गेले, आणि आता तो कुठल्या थरात आहे कुणास ठाऊक.

बाटल्या बरेच दिवस देवघराच्या फळीवरच होत्या. मी आठवण झाली की हुंगायचे, आई दिवा लावायची. मागच्या दसऱ्याला आवराआवर करताना तिने त्या धुऊन कपाटात ठेवल्या. गुलाबाचा कापूस फेकला. लवंगा मात्र टाकवेनात तिला. महागाई बघता ते बरोबरच. दुपारी मसालेभात केला तेव्हा तिने त्या बाटलीतल्या सगळ्या लवंगा फोडणीत टाकल्या आणि आतूनच ओरडून विचारलं, ‘येतोय का गं?’

‘येतोय,’ मी हॉलमधून म्हटलं. ‘गॅस बारीक कर, करपतायत.’